स्कोअरशीटवर न आलेलं

आमच्या हॉलच्या दाराशी हरवलेल्या वस्तूंचं एक खोकं आहे. त्यात पाण्याच्या बाटल्या, केसांची रबरं, एकेकटे मोजे साठत जातात. मुद्दाम कुणी टाकत नाही, न्यायलाही कुणी येत नाही. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच झालंय. प्रत्येक मॅचनंतर काहीतरी मागे राहतं. परवा पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर त्यातला एक सांगायला गेले तर तास गेला. ती म्हणाली, "लिहून का नाही काढत?" म्हणून हे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी शलाका. आयर्लंडमध्ये ॲथलोनला मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. तिथून अर्ध्या तासावर एका लहानशा गावात एक लहानसं कॉलेज आहे. मास्टर्स मी तिथे केलं. कॉलेज एवढं लहान की मुलींची बास्केटबॉल टीम जेमतेम उभी राहते. लीगही तशीच, सहा कॉलेजांची. तिचा निकाल कुठल्या पेपरात येत नाही. पण आम्ही चार-पाच मराठी माणसं या टीमसाठी वेडी आहोत, आणि आमचं हाडवैर ड्रोहेडाच्या कॉलेजशी आहे. ते का आहे, हे आता कुणाला नीट आठवत नाही.

* * *

मी बास्केटबॉलमध्ये आले ती हीटिंगमुळे.

शिकत होते तेव्हा आम्ही सहा जणी एका जुन्या घरात राहायचो. तिथे जानेवारीत खोलीत बसून टायपिंग करायचं म्हणजे बोटं वाकेनात. कॉलेजचा हॉल मात्र उबदार होता. म्हणून मी असाइनमेंट घेऊन तिथल्या बाकावर जाऊन बसायची. समोर मुली खेळायच्या, पण मी बघायची नाही.

एक दिवस मॅच होती आणि स्कोअर लिहिणारी मुलगी आलीच नाही. कोच डेअर्ड्रा इकडेतिकडे बघत माझ्याकडे आली. "लिहिता येतं का तुला?"

मी मास्टर्स करत होते. "हो," म्हटलं.

तिने मला टेबलामागे बसवलं, शीट पुढे सरकवली. शेजारच्या घड्याळवाल्या मुलीने दोन मिनिटांत शिकवलं: बास्केट कुणी केली, फाउल कुणाचा, एवढं टिपत जायचं. आधी नावं लिहून घ्यायची होती. डेअर्ड्रा भराभर सांगत होती, "ईफा, साइव्ह, नीव्ह, कीवा." आता या आयरिश नावांचं स्पेलिंग म्हणजे एक वेगळी डिग्री आहे. ऐकू येतं 'कीवा' आणि लिहायचं सुरू करायचं सी-ए-ओपासून. मला ते तेव्हा कुठून ठाऊक असणार? रेफरी शिट्टी तोंडात धरून उभा. मी घाबरले आणि ऐकू आली तशी सगळी नावं देवनागरीत लिहून मोकळी झाले.

मॅच संपल्यावर रेफरी सही करायला आला. साठीचा माणूस. शीटकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता मॅच रद्द. त्याने विचारलं, "हे काय आहे?" मी एकेका नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "आयुष्यभर मी ही नावं वाचतोय. जशी म्हणतात तशी कुणी लिहिलेली पहिल्यांदाच पाहिली." आणि सही केली.

तेव्हापासून मी टेबलावर आहे. नोकरी लागली तरी शनिवारी दुपारी तिथेच. फक्त एक अडचण आहे. टेबलावर बसणाऱ्याने कुणाच्याही बाजूने टाळी वाजवायची नसते. मी आमच्या टीमची सगळ्यात जुनी फॅन आहे आणि मी एकदाही टाळी वाजवलेली नाही.

* * *

टाळ्यांची कसर नीलेशदादा भरून काढतो.

नीलेशदादा मूळचा धुळ्याचा, लिक्सलिपला चिपच्या प्लांटमध्ये इंजिनियर. त्याची मुलगी ओवी तीन वर्षांची असताना ही मंडळी इथे आली. आता ती आमच्या टीमची पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बॉल पुढे नेणारी आणि कुणी कुठे जायचं ते ठरवणारी. ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या, पक्क्या आयरिश मिडलँड्सच्या इंग्लिशमध्ये.

नीलेशदादाने स्वतः कधी बॉल हातात धरला नव्हता. पण ओवी टीममध्ये आल्यापासून तो व्हिडिओ बघबघून एक्स्पर्ट झाला. मॅच सुरू झाली की तो बाकावर उभा राहून मराठीत सूचना देतो. "ओवी, डावीकडे मोकळी आहे बघ. सात नंबरवालीला उजवीकडून जाता येत नाही, तिला तिकडेच ढकल." समोरच्या टीमला काही कळत नाही आणि आमची मुलगी बरोबर तिथे जाते. त्याला या गोष्टीचा फार अभिमान. म्हणायचा, "सगळ्या लीगमध्ये सिक्रेट कोड फक्त आपल्याकडे आहे."

मग ड्रोहेडाची टीम आमच्याकडे आली. नीलेशदादा ओरडला, "डावीकडे." ड्रोहेडाच्या दोघी आधीच डावीकडे. "मागे दे." मागे एक उभी. असं अर्धी मॅच चाललं. आम्ही सपाटून हरलो.

मॅचनंतर समोरच्या बाकावरून तिशीतली एक बाई उतरून आली. हातात त्यांच्या टीमचा निळा मफलर. म्हणाली, "दादा, नमस्कार. मी जयश्री, साताऱ्याची. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तुमचा आवाज छान पोचतो हो."

नीलेशदादाचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही त्यांना सगळं सांगत होतात? मराठी असून?"

"मराठी आहेच मी," जयश्री म्हणाली. "पण टीम माझी ती आहे."

* * *

जयश्रीची टीम ती कशी झाली, हे पुढे कळलं. ती इथे एकटी आली तेव्हा मॉरीन नावाच्या आजींच्या घरात एक खोली घेऊन राहिली. मॉरीनची नात ड्रोहेडाकडून खेळते, त्यांची नऊ नंबरवाली. पहिल्याच शनिवारी जयश्री खोलीत रडत बसली होती. मॉरीनने दार वाजवलं आणि विचारपूस वगैरे काही न करता म्हणाली, "कोट घाल. मॅच आहे." जयश्री सांगते, "त्या दिवशी मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ओरडायला मिळालं. मोकळं वाटलं."

नीलेशदादाने चिडून चिडून शेवटी तिला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. म्हणाला, "शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा." तेव्हापासून ग्रुपवर आठवडाभर तेच चालतं. यंदा कुणाकडे किती उंच मुली आल्या, कुणाच्या कोचने कुणाची प्लेअर पळवली, वर कोण राहणार, तळाला कोण. ड्रोहेडावाल्यांकडे नवा हॉल, लाकडी फ्लोअर, लाल आकड्यांचा स्कोअरबोर्ड. आमच्या हॉलमध्ये पाऊस पडला की एका कोपऱ्यात गळतं आणि तिथे बादली ठेवतात. बादली कोर्टच्या रेषेपासून वीतभर लांब. मागच्या वर्षी जयश्रीच्या टीमचा एक पास त्या बादलीला लागून बाहेर गेला आणि आम्ही दोन पॉइंटने जिंकलो.

त्या संध्याकाळी ग्रुपवर जयश्रीचा एकच मेसेज होता. "तुमच्या टीममध्ये सगळ्यात चांगला डिफेन्स बादलीचा आहे."

नीलेशदादाने उत्तर दिलं, "ती कायम आहे. बाकीच्या दर वर्षी पास होऊन जातात."

* * *

ओवीची आई, मुक्तावहिनी, प्रत्येक मॅचला येते पण सगळी मॅच बघत नाही. ओवी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, घ्यायला उभी राहिली की ती उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाते. तिथल्या कॉफीच्या मशीनपाशी पाठ करून उभी राहते. फ्री थ्रोच्या वेळी सगळे गप्प होतात, एकटी पोरगी सगळ्यांसमोर उभी असते, ते तिला बघवत नाही. आतून आवाज आला की गेला, नाही आला की नाही, असा तिचा हिशेब.

एकदा अगदी शेवटाला ओवीला दोन फ्री थ्रो मिळाले. मुक्तावहिनी बाहेर. ओवीचे दोन्ही चुकले. आम्ही एका पॉइंटने हरलो. समोरच्या टीमने एवढा आरडाओरडा केला की बाहेर उभं राहून कुणाचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता.

ओवी सरळ कॉरिडॉरमध्ये गेली. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं. आईला ती इथल्या मुलींसारखं मॅमच म्हणते. म्हणाली, "मॅम, यू मिस्ड इट. आय गॉट बोथ."

मुक्तावहिनीने तिची पाठ थोपटली. मग ओवी कपडे बदलायला गेली आणि वहिनी माझ्या टेबलाशी आली. इतक्या वर्षांत ती माझी शीट वाचायला शिकली होती. ओवीच्या नावापुढची रिकामी जागा तिने बघितली. मी शीट घडी करून ठेवली.

ओवी बाहेर आली तेव्हा वहिनी तिला म्हणाली, "दोन्ही गेले ना? मला आवाजावरूनच कळलं. चल, भूक लागली असेल."

* * *

यंदाच्या जानेवारीत नीलेशदादाचे वडील, अण्णा, तीन महिन्यांसाठी आले. साक्रीकडच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नीलेशदादाची आई गेल्यावर ते गावात एकटेच राहत होते. नीलेशदादाने खूप मागे लागून त्यांना आणलं. पण इथे आल्यावर दिवसभर खिडकीत बसायचे. ओवी कॉलेजला, ही दोघं कामावर. ओवी घरी असली तरी ती इंग्लिशमध्ये बोलायची आणि अण्णा मान हलवायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "ती पोरगी माझ्याशी चांगलं बोलते का वाईट, ते सांग फक्त." मी म्हटलं, "चांगलंच बोलते, अण्णा." म्हणाले, "मग झालं."

पहिल्या मॅचला त्यांना घेऊन आले तेव्हा नीलेशदादा शेजारी बसून त्यांना एकेक नियम समजावून सांगत होता. बॉल घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा, असं बारीकसारीक सगळं. अण्णा ऐकत होते. मधूनच विचारायचे, "आता काय करून राहिली ती?" की नीलेशदादा पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या मॅचला आमच्या नीव्हला बास्केटखाली समोरच्या मुलीने कोपर मारलं. रेफरीची पाठ होती. खेळ पुढे गेला. एवढ्यात हॉलमध्ये कान फाटतील अशी शिट्टी वाजली. दहाच्या दहा मुली जागच्या जागी थांबल्या. घड्याळवालीने घड्याळ थांबवलं. रेफरीने स्वतःच्या हातातल्या शिट्टीकडे बघितलं.

अण्णा उभे होते. दोन बोटं अजून तोंडातच.

नीलेशदादाने कपाळाला हात लावला. रेफरी बाकांपाशी आला, तोच तो, माझ्या पहिल्या शीटवर सही करणारा. "हू वॉज दॅट?" अण्णांनी कोपर दाखवलं, मग नीव्हकडे बोट केलं, आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाले, "फाउल."

रेफरीने नीव्हकडे बघितलं. तिचा ओठ फुटला होता. तो नीलेशदादाला म्हणाला, "त्यांना सांग, त्यांचं बरोबर आहे. आणि हेही सांग, की पुन्हा असं करायचं नाही."

* * *

आमच्या हॉलमध्ये पाठ टेकायची सोय असलेल्या खुर्च्या दोनच आहेत. त्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यामुळे ड्रोहेडाशी पुढची मॅच झाली तेव्हा अण्णा आणि मॉरीन शेजारी शेजारी बसले. मधे काही नाही, फक्त हाडवैर.

मॉरीन अखंड बोलते. शिवाय तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे समोरचा बोलतो की नाही याची तिला पर्वा नसते. अण्णांना इंग्लिश पाच-सात शब्द. गुड, व्हेरी गुड, स्लो, सिट डाउन. मी टेबलावरून बघत होते. अण्णांनी खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिने थर्मासमधला चहा त्यांना दिला. तिची नात बॉल घेऊन पळाली की अण्णा म्हणायचे, "गुड." ओवीने बास्केट केली की मॉरीन त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची. सगळी मॅच ती बोलत होती आणि हे मान हलवत होते.

त्या दिवशी मी नीलेशदादाच्याच गाडीतून ॲथलोनला आले. वाटेत त्याने हसत विचारलं, "अण्णा, काय म्हणत होती मॉरीन एवढं?"

"तिचा मालक वारला," अण्णा म्हणाले. "फार दिवस नाही झाले."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. नीलेशदादा म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं? तिने सांगितलं?"

"सांगितलं असेल. मला काय कळतं?" अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "थर्मासबरोबर दोन कप आणते ती. एकट्या बाईला दोन कप कसाले लागतात?"

मुक्तावहिनीने जयश्रीला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं. सप्टेंबरमध्ये.

* * *

आता शेवटचा. हा मी अजून ग्रुपवरही सांगितलेला नाही.

मार्च महिना, शनिवारची दुपार, लीगची शेवटची मॅच. आमच्याच हॉलमध्ये, ड्रोहेडाविरुद्ध. जिंकेल ती टीम पहिली. ओवीचं हे शेवटचं वर्ष. अण्णांचं परतीचं विमान मंगळवारचं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. बॉल ओवीच्या हातात होता. तिने फक्त तो सांभाळायचा होता. ती वळली, बॉल तिच्या पायाला लागून सुटला, नऊ नंबरवालीने उचलला, आणि घड्याळ संपता संपता बास्केट केली. आम्ही हरलो.

ओवी बास्केटखाली फरशीवर बसली ती उठेच ना. डेअर्ड्रा तिच्याशी बोलून आली. टीमच्या मुली बोलून आल्या. नीलेशदादा म्हणाला, "अगं, होतं असं," आणि पाण्याची बाटली तिच्याशेजारी ठेवून मागे सरला. मॉरीनची नातही येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. मुक्तावहिनी तिच्या जवळ उभी होती, पण हात लावायचं धाडस करत नव्हती. मी टेबलावर बसून शीट पुरी करत होते, दर दोन ओळींनी मान वर करून बघत होते.

मग अण्णा उठले. बूट काढून कडेला ठेवले आणि मोज्यांवर कोर्टात गेले. कुणीतरी सोडलेला बॉल उचलला. ओवीपासून जरा लांब, फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहिले. दोन्ही हातांनी, खालून, जशी बादली उपडी करावी तसा बॉल फेकला. तो रिंगपर्यंत पोचलाही नाही.

त्यांनी जाऊन तो आणला. पुन्हा फेकला. बोर्डच्या मागे गेला. पुन्हा आणला. असं चारदा झालं. ड्रोहेडाच्या मुली बॅगा भरता भरता थांबल्या. एकीने बॉल त्यांच्याकडे सरकवून दिला. हसलं कुणीच नाही.

पाचव्यांदा बॉल ओवीच्या डोक्यावरून गेला. ती खाली बघतच म्हणाली, "बेंड युअर नीज."

नीलेशदादा भाषांतर करायला पुढे झाला. अण्णांनी हाताने त्याला थांबवलं. "कळलं मला." त्यांनी गुडघे वाकवले. बॉल चुकला.

"नॉट लाइक दॅट," ओवी म्हणाली आणि उठली.

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांचं कोपर धरून आत घेतलं, मनगट वाकवून दाखवलं, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. ती इंग्लिशमध्ये बोलत होती, ते मराठीत विचारत होते. "असं?" "नो, अप, अप." "आणि हा हात?" "जस्ट लीव्ह इट देअर." ते फेकत होते, चुकत होते, ती बॉल आणून देत होती. किती वेळ गेला कोण जाणे. हॉल बंद करायला आलेला डोनल किल्ल्या हातात घेऊन बाकावर बसून राहिला. एक बॉल रिंगवर दोनदा उडून बाहेर पडला तेव्हा ओवी मोठ्याने हसली आणि अण्णांच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. मुक्तावहिनी तेव्हा कुठे रडली.

एकही बॉल आत गेला नाही.

सगळे गाडीकडे गेले. डोनल मागचे दिवे बंद करायला गेला. मी टेबलाची घडी घालत होते. एवढ्यात अण्णा परत आले, टोपी राहिली होती त्यांची खुर्चीवर.

मी म्हटलं, "अण्णा, एक तरी जायला हवा होता हो."

त्यांनी टोपी उचलली. दाराकडे वळून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. बॉल भिंतीशी पडला होता. तो त्यांनी पायाने वर घेतला, एका हातात झेलला आणि जिथे उभे होते तिथूनच, दुसऱ्या हातात टोपी धरून, फेकला.

रिंगला न शिवता आत गेला. फक्त जाळी हलली.

अण्णांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"चल बेटा," म्हणाले, "पोरगी थांबली असेल गाडीत."